संगणकाचा आवाज आणि ऑडिओ ड्रायव्हर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगणकातून आवाज येईनासा झाला की बहुतेकांचा पहिला संशय ड्रायव्हरवर जातो, आणि तपासणी न करताच जुना ड्रायव्हर काढून नवा बसवण्याची घाई होते. हा संशय अनेकदा खरा ठरतो. मात्र तितक्याच वेळा दोष भलतीकडेच असतो आणि नीट चालणारा ड्रायव्हर या खटपटीत बिघडतो. म्हणून खालील उत्तरांत आधी शोध आणि मग उपाय असा क्रम ठेवला आहे. मुख्य विवेचन विंडोज १० आणि ११ यांविषयी आहे. लिनक्स आणि मॅक यांच्याबद्दल शेवटी थोडक्यात लिहिले आहे. मेनूंमधील नावे पडद्यावर जशी दिसतात तशी, उच्चारानुसार दिली आहेत.

ऑडिओ ड्रायव्हर नेमके कोणते काम करतो?

गाणे वाजवणारा प्रोग्राम आणि स्पीकर यांच्यामध्ये बरीच मजल असते. प्रोग्राम आपला आवाज विंडोजच्या ऑडिओ इंजिनकडे सोपवतो, इंजिन सर्व प्रोग्रामांचे आवाज एकत्र मिसळते, तो मिसळलेला प्रवाह ड्रायव्हर उचलतो आणि मदरबोर्डवरील कोडेक नावाच्या चिपकडे पोहोचवतो. ही चिप आकड्यांचे रूपांतर विजेच्या लहरींत करते. आजच्या बहुतेक संगणकांतील कोडेक २००४ साली इंटेलने आखलेल्या हाय डेफिनिशन ऑडिओ या मानकानुसार चालतात. त्याआधी १९९७ सालचे एसी’९७ हे मानक रूढ होते. मानक समान असल्यामुळे मायक्रोसॉफ्टचा एकच सर्वसाधारण ड्रायव्हर शेकडो निरनिराळ्या चिपांमधून निदान साधा आवाज काढू शकतो, आणि ही गोष्ट पुढे निदानाच्या कामी फार उपयोगी पडते.

आणखी एक बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. विंडोज व्हिस्टापासून आवाज मिसळण्याचे काम प्रणालीच्या गाभ्यातून (कर्नेलमधून) बाहेर काढून स्वतंत्र सेवांकडे देण्यात आले. ‘विंडोज ऑडिओ’ आणि ‘विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर’ या त्या दोन सेवा होत. त्या अडखळल्या तर ड्रायव्हर धडधाकट असूनही आवाज बंद होतो, आणि ‘सर्व्हिसेस’च्या यादीत जाऊन त्या पुन्हा सुरू केल्या की काम भागते.

दोष ड्रायव्हरचाच आहे हे कसे ठरवावे?

या प्रश्नाला जेवढा वेळ द्याल तेवढा पुढे वाचतो. सर्वप्रथम काहीतरी वाजते ठेवून ‘साउंड’ सेटिंग्जमधील आवाजाची हलणारी पट्टी पाहावी. पट्टी हलत असेल तर आवाज प्रोग्राममधून निघून निवडलेल्या उपकरणापर्यंत पोहोचला आहे. अशा वेळी चुकीचे उपकरण निवडले गेले आहे का, तार सैल आहे का, स्पीकरचे स्वतःचे बटण बंद आहे का, हे आधी पाहावे. पट्टी जागची हलतच नसेल तर दुसऱ्या एखाद्या प्रोग्राममधून आवाज वाजवून पाहावा, कारण ब्राउझरची एखादी टॅब किंवा व्हिडिओ प्लेअर स्वतःपुरता गप्प केलेला असू शकतो. आणि उपकरणांची यादीच रिकामी असेल, किंवा आवाजाच्या चिन्हावर फुली येऊन ऑडिओ उपकरण बसवलेले नाही असा संदेश दिसत असेल, तर मात्र ड्रायव्हर किंवा प्रत्यक्ष यंत्रभाग यांच्याकडेच पाहावे लागते.

यानंतरची चाचणी यूएसबी हेडसेटची. यूएसबी हेडसेटमध्ये स्वतःची ध्वनिचिप असते आणि तो विंडोजच्या वेगळ्या ड्रायव्हरवर चालतो. त्यातून आवाज आला तर ऑडिओ इंजिन आणि सेवा ठीक आहेत आणि दोष अंगभूत चिप किंवा तिचा ड्रायव्हर यांच्यापुरताच मर्यादित आहे, असे मानायला हरकत नाही. त्यातूनही आवाज नसेल तर अंगभूत चिपचा ड्रायव्हर बदलून काहीही साधणार नाही.

तिसरी चाचणी थोडी मेहनतीची, पण निर्णायक आहे. पेन ड्राइव्हवरून लिनक्सची ‘लाइव्ह’ आवृत्ती सुरू करावी. ती संगणकात काहीही न बसवता चालते. तिथे स्पीकर वाजले तर यंत्रभाग शाबूत असून विंडोजमधील ड्रायव्हर दोषी आहे. तिथेही ते गप्प राहिले तर निष्कर्ष इतका पक्का नसतो, कारण अगदी नव्या लॅपटॉपसाठी लिनक्सचा आधार अपुरा असू शकतो.

प्रस्तुत लेखकाने एकदा पूर्ण संध्याकाळ तीन ड्रायव्हर काढण्या-घालण्यात घालवली होती. हेडफोनच्या तारेवरील आवाजाचे छोटे चाक शून्यावर सरकलेले होते.

काल आवाज येत होता, आज येत नाही, आणि आम्ही काहीच बदललेले नाही. असे कसे होते?

आपण बदललेले नसते, पण विंडोज अपडेटने बदललेले असते. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंटेलच्या ऑडिओ ड्रायव्हरची ९.२१.००.३७५५ ही आवृत्ती विंडोज अपडेटमार्गे चुकून अनेक संगणकांना दिली गेली आणि त्यांचा आवाज बंद पडला. मायक्रोसॉफ्टला तो ड्रायव्हर काढून टाकणारे स्वतंत्र अपडेट द्यावे लागले. जानेवारी २०२५ मधील सुरक्षा अपडेटनंतर यूएसबी ऑडिओच्या १.० या जुन्या मानकावर चालणारी काही उपकरणे ‘कोड १०’ (याचा अर्थ पुढच्या उत्तरात आहे) दाखवून थांबली. काही वेळा चूक ड्रायव्हरसोबत आलेल्या जोडभागाची असते: विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत डिरॅक कंपनीच्या ध्वनिसुधारणेची एक फाइल असलेल्या संगणकांना आवाजाची उपकरणेच सापडेनाशी झाली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अशा संगणकांसाठी ती आवृत्ती रोखून धरण्यात आली.

आपल्या संगणकावर काय बदलले हे शोधण्यासाठी स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी हिस्टरी’ असे शोधावे. तिथे प्रत्येक दिवशी कोणते अपडेट आणि कोणता ड्रायव्हर बसला याची नोंद असते. हे साधन का कोण जाणे दुर्लक्षित राहिले आहे. आवाज गेल्याच्या दिवसासमोर ऑडिओ ड्रायव्हरची नोंद दिसली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या उपकरणांच्या यादीत, त्या उपकरणाच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘ड्रायव्हर’ या विभागात जाऊन ‘रोल बॅक ड्रायव्हर’ निवडावे. हे बटण फिके दिसत असेल तर परत जाण्यासाठी आधीचा ड्रायव्हर शिल्लक नाही असा त्याचा अर्थ होतो.

डिव्हाइस मॅनेजरमधील पिवळ्या चिन्हाचा आणि कोडचा अर्थ काय?

उपकरणावर डबल क्लिक केल्यावर दिसणारा क्रमांक टिपून घ्यावा, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. कोड २२ म्हणजे उपकरण कोणीतरी बंद करून ठेवले आहे. ते ‘एनेबल’ केले की झाले. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. कोड ३९ म्हणजे ड्रायव्हरची फाइल गहाळ किंवा खराब झाली आहे. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण उपकरण सुरू होत नाही. यामागे चुकीची आवृत्ती, अपडेटमधील दोष किंवा खराब झालेली चिप यांपैकी काहीही असू शकते, म्हणून सर्वांत त्रासदायक कोड हाच. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल स्वाक्षरी पटलेली नाही. असा ड्रायव्हर चालावा म्हणून स्वाक्षरीची तपासणी बंद करण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो, तो मानू नये. गाभ्यात शिरणाऱ्या प्रोग्रामांवरचा तो एक महत्त्वाचा पहारा आहे.

काहीच चिन्ह नाही आणि उपकरणही यादीत नाही, अशी स्थिती असेल तर ‘व्ह्यू’ मेनूतून ‘शो हिडन डिव्हायसेस’ निवडावे. तरीही ते दिसले नाही तर संगणकाच्या बायोस किंवा यूईएफआय सेटिंग्जमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या सेटिंग्जमध्ये, अंगभूत ऑडिओ बंद केलेला नाही ना, हे पाहावे.

संगणक बंद करून पुन्हा चालू केला तरी फरक पडत नाही. आता काय करावे?

आधी ‘रीस्टार्ट’ करून पाहावे. हे हास्यास्पद वाटेल, पण विंडोज १० आणि ११ मध्ये ‘शट डाउन’ आणि ‘रीस्टार्ट’ या दोन वेगळ्या क्रिया आहेत. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असताना शट डाउन केले की प्रणालीचा गाभा, त्यातील ड्रायव्हरांसह, डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत आणला जातो. म्हणजे अडकलेला ड्रायव्हर सकाळी उठल्यावरही अडकलेलाच असतो. रीस्टार्टमध्ये मात्र सर्व ड्रायव्हर नव्याने लोड होतात.

ड्रायव्हर पुन्हा बसवण्याची योग्य पद्धत कोणती?

हवा असलेला ड्रायव्हर आधी उतरवून हाताशी ठेवावा आणि मग इंटरनेट तोडावे. इंटरनेट चालू राहिले तर जुना ड्रायव्हर काढल्यावर विंडोज अपडेट तोच दोषी ड्रायव्हर पुन्हा आणून बसवू शकते, आणि आपली समजूत होते की उपाय लागू पडला नाही. त्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’ उघडून आपल्या उपकरणावर राइट क्लिक करावे, ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडावे आणि त्याच खिडकीत ड्रायव्हरही काढून टाकण्याचा जो चौकोन असतो त्यावर खूण करावी. ही खूण करायची राहिली तर ड्रायव्हरची प्रत विंडोजच्या साठ्यात तशीच राहते आणि रीस्टार्टनंतर गुपचूप परत येते. संगणक रीस्टार्ट करावा, नवा ड्रायव्हर बसवावा, पुन्हा रीस्टार्ट करावा आणि आवाज तपासल्यावरच इंटरनेट जोडावे.

इतके करण्याआधी एक हलका प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. उपकरणाच्या ‘अपडेट ड्रायव्हर’मध्ये संगणकावरच शोधण्याचा पर्याय निवडावा, मग उपलब्ध ड्रायव्हरांची यादी मागवावी आणि तीतून ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ हे नाव घ्यावे. हा मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण ड्रायव्हर. त्यावर आवाज आला तर चिप ठीक आहे आणि कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये खोट आहे, हे पाच मिनिटांत सिद्ध होते. शिवाय याच वाटेने मूळ ड्रायव्हरवर परत जाता येते.

सर्वांत नवा ड्रायव्हर घ्यावा की संगणकाच्या कंपनीचा?

लॅपटॉप असेल तर लॅपटॉपच्या कंपनीचा, नेमक्या त्याच मॉडेलसाठी दिलेला. मदरबोर्ड स्वतंत्रपणे घेतलेला असेल तर मदरबोर्डच्या कंपनीचा. रिअलटेक या कंपनीची एकच कोडेक चिप दोन लॅपटॉपांत असली तरी तिच्या कोणत्या पिनला कोणता स्पीकर, कोणता जॅक आणि कोणता अँप्लिफायर जोडला आहे हे प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने ठरवते, आणि ही माहिती त्या कंपनीच्या पॅकेजमध्येच असते. म्हणून चिपसाठीचा ‘ताजा’ ड्रायव्हर दुसरीकडून आणून बसवला की हेडफोन वाजतात पण स्पीकर गप्प राहतात, अशा विचित्र तक्रारी उद्भवतात.

मोठा आकडा म्हणजे चांगला ड्रायव्हर, ही समजूतही सोडून द्यावी. २०२१ मध्ये विंडोज ११ आल्यावर अकराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरांवर ‘स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी’ ड्रायव्हरच्या १०.२९.०.५१५२ आणि १०.३०.०.५१५२ या आवृत्त्यांमुळे विंडोज कोसळून निळा पडदा येत असे. यावर दुरुस्त आवृत्त्याही दोन्ही मालिकांत निघाल्या, १०.२९.००.५७१४ आणि १०.३०.००.५७१४. म्हणजे १०.३० मधील सदोष आवृत्तीपेक्षा १०.२९ मधील दुरुस्त आवृत्ती, आकड्याने मागे असूनही, बरी होती.

इंटेलच्या या तंत्राचा उल्लेख आलाच आहे म्हणून सांगतो: ते असलेले लॅपटॉप साध्या पद्धतीने आवाज हाताळत नाहीत. तिथे प्रोसेसरमधील एक स्वतंत्र ध्वनिविभाग मधे असतो आणि अंगभूत डिजिटल माइक त्यालाच जोडलेले असतात. त्यामुळे आधी इंटेलचा ड्रायव्हर आणि नंतर कोडेकचा ड्रायव्हर, असा क्रम पाळावा लागतो.

चिप कोणती हे समजत नसेल तर ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिटेल्स’ विभागात ‘हार्डवेअर आयडीज’ पाहावे. त्यातील ‘व्हीईएन’ या अक्षरांपुढचा संकेत चिपनिर्मात्याचा असतो: १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी.

सर्व ड्रायव्हर आपोआप शोधून ताजे करून देणाऱ्या प्रोग्रामांच्या वाटेला जाऊ नये. ते मॉडेलचा विचार न करता चिपचे नाव जुळवतात, आणि वर सांगितलेली गफलत नेमकी तिथेच होते. अधिकृत पॅकेजही डोळे मिटून स्वीकारावे असे नाही, हे २०१७ मध्ये दिसले: एचपीच्या काही लॅपटॉपांसोबत आलेल्या कोनेक्झंट या चिपनिर्मात्या कंपनीच्या ऑडिओ पॅकेजमधील एक प्रोग्राम दाबलेली प्रत्येक कळ एका फाइलमध्ये नोंदवत असल्याचे मॉडझीरो या स्विस सुरक्षा संस्थेने उघड केले. माइक बंद-चालू करण्याची कळ ओळखण्यासाठी ठेवलेली ती सोय होती. दुरुस्त आवृत्ती नंतर देण्यात आली.

सर्वसाधारण ड्रायव्हरने आवाज येतो, पण तो पातळ आणि हळू वाटतो. का?

लॅपटॉपचे स्पीकर मुळात लहान असतात. कंपन्या त्यांची उणीव सॉफ्टवेअरने भरून काढतात: खर्ज वाढवणे, आवाजाची पातळी उचलणे, स्पीकर फाटू नये म्हणून मर्यादा घालणे. ही प्रक्रिया कंपनीच्या ड्रायव्हरसोबत येते आणि सर्वसाधारण ड्रायव्हरमध्ये ती नसते. उलट दिशेनेही हेच लागू आहे. आवाज घुमत असेल, मधेच दबत असेल किंवा बोलणे विहिरीतून आल्यासारखे वाटत असेल, तर ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करून पाहावे.

मॉनिटर जोडल्यावर किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर बदलल्यावर स्पीकर का बंद पडतात?

एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट या तारांमधून चित्रासोबत आवाजही जातो, आणि त्यासाठीचा ऑडिओ ड्रायव्हर ग्राफिक्स ड्रायव्हरच्या पॅकेजमध्येच असतो. तो बसला की विंडोज कधीकधी मॉनिटरलाच मुख्य उपकरण ठरवते, मग त्या मॉनिटरला स्पीकर असोत वा नसोत. ‘साउंड’ सेटिंग्जमध्ये आपले स्पीकर पुन्हा निवडावेत. हा बिघाड नाही.

आवाज तुटक येतो किंवा खरखरतो. हा ड्रायव्हरचा दोष आहे का?

ड्रायव्हरचा असतो, पण पुष्कळदा ऑडिओच्या ड्रायव्हरचा नसतो. विंडोजचे ऑडिओ इंजिन साधारणपणे दर १० मिलिसेकंदांनी आवाजाचा एक तुकडा पुढे देते. तेवढ्या वेळात दुसऱ्या एखाद्या ड्रायव्हरने, म्हणजे वाय-फाय, ग्राफिक्स किंवा बॅटरी व्यवस्थापनाच्या ड्रायव्हरने, प्रोसेसर अडवून धरला तर पुढचा तुकडा वेळेवर पोहोचत नाही आणि तिथे ‘टक्’ असा आवाज किंवा पोकळी ऐकू येते. लेटन्सीमॉन हे साधन काही मिनिटे चालू ठेवले तर कोणता ड्रायव्हर जास्त वेळ घेतो त्याचे नाव कळते. त्याआधी साधा प्रयोग म्हणून वाय-फाय बंद करून ऐकावे. खरखर थांबली तर वाय-फायचा ड्रायव्हर बदलावा, ऑडिओला हात लावू नये.

दुसरे कारण नमुनादराचे, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात याचे. उपकरणाच्या ‘अॅडव्हान्स्ड’ विभागात ४४,१०० किंवा ४८,००० हर्ट्झ असे पर्याय असतात. खूप वरचा दर निवडलेला असेल तर ४८,००० वर आणून पाहावे. ऐकण्यात फरक जाणवत नाही आणि काही कमकुवत यूएसबी उपकरणे लगेच सुधारतात.

प्रत्येक आवाजाच्या सुरुवातीचा अर्धा शब्द खाल्ला जात असेल तर ती वीजबचतीची करामत असते. शांतता पसरली की ड्रायव्हर चिपला झोपवतो आणि तिला जागे व्हायला थोडा वेळ लागतो.

ब्लूटूथ हेडफोन कॉल सुरू होताच जुन्या टेलिफोनसारखे का ऐकू येतात?

ब्लूटूथमध्ये गाण्यांसाठी एक पद्धत आणि बोलण्यासाठी दुसरी पद्धत आहे. पहिली स्टीरिओ आणि एकमार्गी, तर दुसरी दुमार्गी पण एकपदरी (मोनो), आणि तिचा नमुनादर ८,००० किंवा १६,००० हर्ट्झ असतो. हेडफोनचा माइक वापरात आला की दुसरी पद्धत सुरू होते. कॉलच्या प्रोग्राममध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडला की गाण्यांची पद्धत कायम राहते. कॉल आला की बाकीचे आवाज एकदम खाली जातात, तो मात्र वेगळा प्रकार: ‘कम्युनिकेशन्स’ विभागात इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याचा पर्याय मुळातच निवडलेला असतो.

फक्त माइक चालत नाही. काय पाहावे?

ड्रायव्हरच्या आधी ‘प्रायव्हसी’ सेटिंग्जमधील माइकची परवानगी पाहावी. ती बंद असेल तर उपकरण निरोगी दिसते, पट्टी मात्र हलत नाही.

लिनक्समध्ये फक्त ‘डमी आउटपुट’ दिसते. याचा अर्थ काय?

वरच्या थराला एकही साउंड कार्ड सापडलेले नाही, असा त्याचा अर्थ. लिनक्समध्ये ड्रायव्हर गाभ्यातील अल्सा या भागात असतात आणि त्यावर आवाज मिसळणारा थर म्हणून पाइपवायर किंवा जुन्या प्रणालींत पल्सऑडिओ काम करते. फेडोरा या लिनक्स वितरणाने २०२१ मध्ये ३४ व्या आवृत्तीपासून पाइपवायर मुख्य केले. नव्या इंटेल लॅपटॉपांवर बहुधा साउंड ओपन फर्मवेअरचे पॅकेज बसवायचे राहिलेले असते. कार्ड दिसते पण आवाज नाही, असे असेल तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर हा प्रोग्राम उघडून कोणत्या पट्टीखाली ‘एमएम’ लिहिले आहे ते पाहावे. ती पट्टी मूक केलेली असते आणि ‘एम’ कळ दाबली की मोकळी होते.

मॅकवर ड्रायव्हर पुन्हा बसवता येतो का?

अंगभूत आवाजाचा ड्रायव्हर प्रणालीचाच भाग असल्याने तो वेगळा बसवता येत नाही. ‘अॅक्टिव्हिटी मॉनिटर’मध्ये कोअरऑडिओडी ही प्रक्रिया बंद केली की ती आपोआप पुन्हा सुरू होते, आणि अडकलेला आवाज बहुतेक वेळा सुटतो. बाहेरच्या ऑडिओ इंटरफेसचा जुना ड्रायव्हर गाभ्यात शिरणारा असेल तर अॅपल सिलिकॉन (अॅपलची स्वतःची चिप असलेल्या) मॅकवर सुरक्षेची पातळी उतरवल्याशिवाय तो चालत नाही. अशा वेळी त्या इंटरफेसचा नव्या पद्धतीचा ड्रायव्हर शोधणेच श्रेयस्कर.

यंत्रभागच बिघडला आहे असे कधी मानावे?

सर्वसाधारण ड्रायव्हर, कंपनीचा ड्रायव्हर आणि लाइव्ह लिनक्स या तिन्हींवर स्पीकर गप्प असतील तर. त्यापूर्वी हेडफोनचा जॅक एकदा घालून-काढून पाहावा. जॅकमधील धुळीमुळे किंवा वाकलेल्या पत्तीमुळे हेडफोन जोडलेलाच आहे असे चिपला वाटत राहते, आणि ती स्पीकर बंद ठेवते. जॅक साफ करूनही फरक पडला नाही तर दुरुस्तीचा खर्च करण्याआधी एक साधा यूएसबी ऑडिओ अडॅप्टर लावून पाहावा. बऱ्याच जणांचे काम तेवढ्यावर कायमचे भागते.